सकारात्मक देहप्रतिमा मोजताना: विदर्भातल्या गावांत काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राचे विद्यार्थी, बचत गटांसोबत फिरणाऱ्या ताया, किशोरींची शिबिरं घेणारे कार्यकर्ते यांच्याकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. मी स्वतः काही हंगाम वर्धा-यवतमाळकडच्या गावांत प्रश्नावल्या घेऊन हिंडले. त्यामुळे काही उत्तरं पुस्तकातली आहेत आणि काही ओट्यावर बसून मिळालेली.

सकारात्मक देहप्रतिमा म्हणजे स्वतःला सुंदर समजणं का?

नाही. आरशात पाहून खूश होणं हा त्यातला अगदी छोटा तुकडा झाला. देह आहे तसा आपला मानणं, त्याची कदर करणं, त्याला काय हवं-नको ते ओळखणं हे मूळ. ट्रेसी टिल्का आणि निकोल वुड-बारकालो या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये या कल्पनेची सविस्तर मांडणी केली. त्यात सौंदर्याची व्याख्या ऐसपैस ठेवणं आहे, आतून आलेली प्रसन्नता आहे आणि बाहेरून येणारं बोलणं गाळून घेणंही आहे. हे गाळणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लग्नाच्या मांडवात कोणी म्हणतं, "काहून वो, रंग उतरला तुवा." एक बाई ते घरी घेऊन येते आणि महिनाभर उगाळत बसते. दुसरी म्हणते, "उन्हात वावरात तू जातं का माह्याऐवजी?" आणि जेवायला बसते. दुसरीपाशी चाळणी आहे.

देहाबद्दल तक्रार नसेल, तर देहप्रतिमा सकारात्मकच म्हणायची ना?

इथेच बहुतेक प्रबंध घसरतात. ताप नाही म्हणून अंगात ताकद आहे असं होत नाही, तसंच हे. जुनी साधनं नाराजी मोजायला बनली होती. १९८७ ची 'बॉडी शेप क्वेश्चनेअर' ३४ प्रश्नांची आहे आणि सगळा रोख वजनाच्या, आकाराच्या काळजीवर. पन्नाशीची बाई त्यात फार कमी गुण मिळवेल, कारण मांड्या जाड दिसतात का याचा तिने जन्मात विचार केलेला नाही. याचा अर्थ तिला देहाची कदर आहे असा लावायचा? तिने कदाचित देहाचा विचारच केला नसेल. नाराजी नसणं आणि आपुलकी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून दोन्ही वेगळ्या मोजायच्या.

मग कोणती मोजपट्टी वापरावी?

सर्वाधिक वापरली जाते ती 'बॉडी अ‍ॅप्रिसिएशन स्केल'. पहिली आवृत्ती २००५ ची, १३ विधानांची. २०१५ मध्ये टिल्का आणि वुड-बारकालो यांनी ती सुधारून १० विधानांची केली. आज लोक 'बास-टू' म्हणतात ती हीच. जोडीला 'फंक्शनॅलिटी अ‍ॅप्रिसिएशन स्केल' घ्या. ती २०१७ ची, ७ विधानांची, देह काय काय करू शकतो याबद्दलच्या कृतज्ञतेची. सौंदर्याकडे किती मोकळ्या मनाने पाहिलं जातं हे मोजणारी ९ विधानांची वेगळी पट्टीही २०१६ पासून आहे, पण गावात मी ती क्वचितच काढते. तीन पट्ट्या एकामागून एक विचारल्या की तिसरीपर्यंत चुलीवरचं दूध उतू गेलेलं असतं.

गुण कसे काढायचे?

बास-टूमध्ये प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. १ म्हणजे कधीच नाही, ५ म्हणजे नेहमी. दहाही उत्तरांची बेरीज करून १० ने भागा. बेरीज ३७ आली तर गुण ३.७. जास्त गुण म्हणजे जास्त कदर. अमुक आकड्याखाली बाई 'आजारी' अशी रेघ या पट्टीत नाही. ती रेघ स्वतःच्या मनाने ओढून कोणी अहवाल लिहिला असेल, तर तो बाजूला ठेवा.

इंग्रजी विधानांचं मराठी करून घेतलं की झालं?

नाही झालं. पहिल्याच विधानात गाडी अडते. त्याचा आशय, मी माझ्या शरीराचा आदर करते. आर्वीकडच्या एका गावात एका काकूंना मी हे शुद्ध मराठीत वाचून दाखवलं. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आदर तं पाव्हण्याचा करते मानूस. आंगाचा काय आदर करा लागते?" बरोबरच होतं त्यांचं. आदर आपण उठून उभं राहून करतो, समोरच्याचा. स्वतःच्या देहासमोर उठून उभं कसं राहणार?

मग 'शरीर' शब्दाचं काय करायचं? तो शाळेतला, दवाखान्यातला. घरात बायका 'आंग' म्हणतात, 'जीव' म्हणतात. पण 'आंग' म्हटलं की त्याच्या मागे दुखणं आलंच: आंग दुखते, आंगावरून पाणी जाते, दुखणं आंगावर काढलं. 'तुम्हाला तुमच्या आंगाबद्दल काय वाटतं' असं विचारलं की दहापैकी आठ जणी पांढऱ्या पाण्याबद्दल नाहीतर कंबरेबद्दल सांगू लागतात. हा त्यांचा गैरसमज म्हणून सोडून देऊ नका. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. ज्या देहाचं दुखणं कोणी विचारलंच नाही, त्याच्याबद्दल पहिल्यांदा कोणी काही विचारतंय म्हटल्यावर दुखणंच आधी बाहेर येणार. ते ऐकून घ्या, लिहून घ्या, मग प्रश्नावर या.

'प्रेम' शब्दही अवघडच. सासूसमोर तो उच्चारला की सुना पदरात तोंड लपवून हसतात. 'माया' चालतो. 'जीव लावणं' त्याहून बरा: "लेकराले जीव लावता तसा सोताच्या आंगाले कधी लावता काय?" या प्रश्नावर मी बायकांना खरोखर विचारात पडताना पाहिलं आहे.

रीत म्हणून सांगायचं तर असं: दोघींनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, तिसरीने मूळ न पाहता उलटं इंग्रजीत आणायचं, मग फरक कुठे पडला ते पाहायचं. ब्रिस्लिनने १९७० मध्ये सांगितलेला हा मार्ग अजून चालतो. पण उलट भाषांतर अगदी तंतोतंत जुळलं म्हणून खूश होऊ नका. 'शरीराचा आदर' उलटा नेला की इंग्रजीत हुबेहूब जुळतो, आणि काकूंना तरी तो कळलेला नसतो. म्हणून त्यानंतर दहा-बारा जणींसोबत बसा, एकेक विधान वाचा आणि विचारा, "यातून तुम्हाले काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा." सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. लोक नेमकं हेच गाळतात.

बास-टूमधलं कोणतं विधान गावात सगळ्यात जास्त अडतं?

आठवं. माझ्या वागण्यातून देहाबद्दलची चांगली भावना दिसते असं ते विधान, आणि उदाहरण दिलंय मान ताठ ठेवण्याचं आणि हसण्याचं. आता डोक्यावर पदर घेतलेली सून ओसरीवर सासरा बसलेला असताना मान ताठ ठेवून, हसत गेली, तर तिच्या वागण्यातून काय दिसलं असं गाव म्हणेल? मान खाली घालणं ही तिथे रीत आहे. त्यावरून तिच्या मनातलं काही कळत नाही. एकजण मला म्हणाली, "वावरात आमी बायाबायाच असलो का मान वरच रायते ताई. घरी आलं का खाली." एकाच बाईची एकाच दिवसातली दोन उत्तरं, आणि दोन्ही खरी. उदाहरण बदला, आशय ठेवा: बायकांमध्ये बसल्यावर मोकळेपणाने वावरते, असं काहीतरी. बदल केला तर तो अहवालात लिहा आणि मूळ लेखकांची परवानगीही घ्या.

देहाच्या गरजांकडे लक्ष देण्याचं पाचवं विधान मात्र इथे सोन्यासारखं आहे. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पाणी कमी पितात, कारण पऱ्हाटीच्या वावरात आडोसा कुठे आणि मुकादम कुठे बसलाय याचा हिशेब करावा लागतो. गरज कळत नाही असं नाही. कळते आणि दाबली जाते. पट्टी या दोन्हींना एकच कमी गुण देते. म्हणून या विधानानंतर मी एक साधा प्रश्न जोडते: "समजते पण जमत नाही, असं होते का?"

अक्षर न येणाऱ्या बाईला 'क्वचित', 'बरेचदा' असे पाच पर्याय कसे समजवायचे?

पाच वाट्या मांडून तुरीचे दाणे टाकायला लावणं ही पद्धत चालते, फक्त लहान पोरं दाणे उचलून नेतात. मला जमलं ते आणे. पीक किती आलं हे इथे घराघरात आण्यांत बोलतात, सोळा आणे म्हणजे पुरं पीक. ५० पैशांच्या आत आणेवारी लागली, म्हणजे सरकारी अंदाजात पीक निम्म्याखाली गेलं, म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. बिलकूल नाही, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. मोजून पाच पायऱ्या, त्याही सारख्या अंतराच्या. 'फंक्शनॅलिटी' पट्टीत सहमती विचारलेली आहे, तिथे हे चपखल बसतं: "हे तुमच्यासाठी किती आणे खरं?" बास-टूमध्ये मात्र किती वेळा असं वाटतं हे विचारलं आहे, किती खरं हे नाही. तिथे आणे वापरले तर अर्थ हळूच सरकतो. त्यासाठी 'कधीच नाही, एखाद्या टायमाले, कधी कधी, लय येळा, नेहमीच' हे पाच शब्द आधी दोन-तीन रोजच्या गोष्टींवर घोटून घ्या: चहा किती वेळा पिता, माहेरी किती वेळा जाता. माहेरच्या प्रश्नावर पाचही शब्द लगेच कळतात.

सगळ्याच जणी सगळ्याला 'हो ताई, नेहमीच' म्हणतात. आता?

पट्टीतली सगळी विधानं एकाच दिशेची आहेत, उलट विधान एकही नाही. त्यात बाहेरून आलेली, हातात कागद असलेली बाई म्हणजे योजनेचीच, असं गृहीत धरलं जातं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, त्यानंतर तर मला अर्ध्या घरांत विचारलं गेलं, "आधार कार्ड आणू काय?" जिच्या हातून पैसे मिळण्याची आशा आहे तिला 'नाही' कोण म्हणेल? म्हणून पहिलं वाक्य हेच असू द्या की यातून पैसे मिळणार नाहीत, कापलेही जाणार नाहीत. मग मधेमधे विचारा, "असं शेवटचं कधी वाटलं होतं?" जिला खरंच वाटलं असेल तिच्याकडे प्रसंग असतो. नसेल तर ती हसून म्हणते, "तसंच म्हटलं."

गावातल्या बायका देहाला कामानेच मोजतात. मग 'फंक्शनॅलिटी'ची पट्टी इथे सगळ्यात योग्य नाही का?

मलाही आधी असंच वाटलं होतं. ती पट्टी काढली की उत्तरं भराभर येतात आणि भरघोस येतात. "माह्या आंगाचं काय इचारता, दिवसाले चाळीस किलो येचतो मी." वेचणीची मजुरी किलोवर असते, संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढतं तेव्हा त्या दिवसाचा देह आकड्यातच बोलतो. त्या आवाजातला अभिमान खराच असतो, तो नाकारू नये.

पण हीच बाई त्या वर्षी हात मोडून दोन महिने घरी बसली तेव्हा काय म्हणाली? "आता कायच्या कामाची मी." सोळा आण्यांवरून सरळ शून्यावर. तेव्हा मला कळलं की आधीचे सोळा आणे देहाच्या कदरीचे नव्हते. ते मजुरीचे होते, घराला उपयोगी पडण्याचे होते. पट्टी बनवणाऱ्यांच्या मनात हे नव्हतं. त्यांच्या लेखी देहाचं काम म्हणजे श्वास घेणं, पचवणं, चव घेणं, लेकराला कुशीत घेणं, नाचणं, झोपणं हे सगळं, आणि ज्यांच्या देहाला मर्यादा आल्या त्यांनाही ती विधानं लागू पडावीत अशी रचना. आपल्याकडे 'काम' म्हटलं की फक्त निंदण, वेचणी, सवंगणी (कापणी) आणि चूल.

यावर मी केलेला इलाज असा. पट्टीच्या आधी मोकळं विचारायचं: "तुमचं आंग तुमच्यासाठी काय काय करते? घरासाठी नाही, मालकासाठी नाही, तुमच्यासाठी." बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. मग कोणी म्हणतं, भुलाबाईची गाणी म्हणताना पाय आपोआप थिरकतात. कोणी म्हणतं, उन्हातून येऊन पाठीवर गार पाणी घेतलं की बरं वाटतं. एवढं बोलून झालं की मग सात विधानं वाचायची. आकडे थोडे खाली येतात. पण ते देहाबद्दलचे असतात, मजुरीबद्दलचे नाहीत.

आकृत्यांची चित्रं दाखवून 'तुम्ही कोणत्या, व्हायचं कोणतं' असं विचारलं तर सोपं नाही का?

बारीकपासून जाडपर्यंत नऊ आकृत्यांची ती पद्धत स्टंकार्डची, १९८३ ची. ती मोजते नाराजी, तीही फक्त आकाराबद्दलची. शिवाय इकडे 'बारीक झाली' ही तक्रार आहे. लेक सासरहून सुकून आली तर माय रडते, अंग धरून आली तर म्हणते, सुखात आहे. जाडी कमी करायची इच्छा गावात नाही असं म्हणत नाही. मोबाइल आल्यापासून कॉलेजच्या पोरींमध्ये ती चांगलीच दिसते. पण एकाच घरात आजीला भरलेली आकृती हवी आणि नातीला काटकुळी, तर त्या दोन आकड्यांची सरासरी काढून हाती काय लागेल?

वजन-उंची घ्यावी का?

गरज नसेल तर नको. घेतलीच तर प्रश्नावलीनंतर, आडोशाला, आणि आकडा मोठ्याने न वाचता. बीएमआय आणि देहप्रतिमा या वेगळ्या गोष्टी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. थकलेला देह आणि नावडता देह यांत गल्लत नको.

रंगाबद्दल पट्टीत काहीच नाही, तो सोडून द्यायचा का?

सोडला तर मुख्य गोष्टच सुटली. आकारापेक्षा रंगाने जास्त पोरी दुखावल्या जातात. बायोडाटामध्ये 'निमगोरी', 'गहूवर्णी' हे शब्द अजून छापले जातात. पाहायला आलेले पोहे खाऊन जातात आणि तीन दिवसांनी मध्यस्थाकडून कळवतात की पोरगी चांगली हाय, पण. त्या 'पण'च्या पुढे काही बोलावं लागत नाही. २०२० मध्ये एका नामांकित क्रीमच्या नावातून 'फेअर' शब्द गेला, बायोडाटातून गेला नाही. बास-टूच्या दहाव्या विधानात माध्यमांतल्या देखण्या चेहऱ्यांशी तुलना आहे. तिथे मी रंगाचा एक जोडप्रश्न विचारते, पण त्याचे गुण मूळ पट्टीत मिसळत नाही.

मुलाखत कधी आणि कुठे घ्यावी?

सोयाबीनच्या सवंगणीत नाही, वेचणी भरात असताना नाही. त्या दिवसांत बोटांना बोंडांचे काटे टोचलेले असतात आणि पायांना धसकटं. कोणालाही देहाबद्दल बरं वाटणार नाही. आधी आणि नंतर अशी दोनदा मोजणी करायची असेल तर दोन्ही वेळा हंगाम सारखाच असू द्या, नाहीतर हंगामाचा फरक तुमच्या शिबिराच्या खात्यावर जमा होईल. जागा एकांताची. सासू 'मी बसतो बाजूले' म्हणाली तर दुसऱ्या सहकारीने सासूचीच मुलाखत परसात घ्यावी. हा उपाय कधी फसलेला पाहिला नाही.

एक मराठी आवृत्ती सगळ्या विदर्भाला चालेल?

नाही. अकोला-अमरावतीची वऱ्हाडी आणि भंडारा-गोंदियाची झाडीबोली यांत फरक आहेच. मेळघाटातल्या कोरकू आणि गडचिरोलीतल्या माडिया, गोंडी बोलणाऱ्या बायकांसाठी तर मराठी घरची भाषाच नाही. कोरकू वेगळ्या भाषाकुळातली, गोंडी-माडिया द्राविडी. त्यांच्याकडे अंगावरचं गोंदण देहाशी जोडलेलं नातं सांगतं, आणि त्याबद्दल कुठल्याच पट्टीत ओळ नाही.

किती जणींची माहिती लागेल?

पट्टी फक्त वापरायची असेल तर ते तुमच्या प्रश्नावर अवलंबून. नवीन भाषेत ती टिकते का हे पाहायचं असेल तर ढोबळ नियम असा की विधानामागे दहा जणी, म्हणजे निदान शंभर. दोनशे-तीनशे असतील तर झोप नीट लागते. क्रॉनबाख अल्फा, म्हणजे सगळी विधानं मिळून एकच गोष्ट मोजतात का हे सांगणारा आकडा, ०.७० च्या वर हवा. उत्तरं तशीच राहतात का हे पाहायला काही जणींना दोन-तीन आठवड्यांनी परत विचारा. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान मोजणाऱ्या १० विधानांच्या पट्टीशी गुणांचं नातं सरळ यायला हवं, म्हणजे एकीकडे गुण जास्त तर दुसरीकडेही जास्त. आलं नाही तर आधी भाषांतरावर शंका घ्या, बायकांवर नाही.

शहरापेक्षा गावातल्या बायकांचे गुण कमीच येतील ना?

असं गृहीत धरून जाऊ नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ देशांतल्या ५६,९६८ जणांनी बास-टू भरली. त्यात ग्रामीण भागात राहण्याचा संबंध जास्त गुणांशी निघाला. देशांच्या यादीत भारत मात्र तळाजवळ, फक्त ऑस्ट्रेलियाच्या वर. आता त्या भारतीय आकड्यात वेचणीला जाणाऱ्या बाया किती असतील, हा विचार तुम्हीच करा.

बोलता बोलता बाई रडली तर?

कागद बाजूला ठेवा. नवऱ्याच्या टोमण्यांवरून, मुलगी पाहून नाकारल्यावरून, मारहाणीवरून गोष्ट निघू शकते. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानसचा मोफत क्रमांक तुमच्या पाठ असावा. नंबर लिहून हातात चिठ्ठी देऊ नका, ती घरात सापडते. अर्धी राहिलेली प्रश्नावली अर्धीच जमा करा.

शिबिर झालं आणि गुण वाढण्याऐवजी घसरले. शिबिर फसलं?

कदाचित नाही. पहिल्या वेळी 'देहाच्या गरजांकडे लक्ष देते' याला पाच देणारी बाई शिबिरात गरजा म्हणजे काय ते ऐकते, आणि दुसऱ्या वेळी प्रामाणिकपणे दोन देते. मोजायची काठीच तिच्या मनात बदलली. म्हणून शेवटी एक प्रश्न ठेवा: "आज जे समजते त्यावरून, तवा तुमी किती दिले असते?" जुना गुण, नवा गुण आणि हा तिसरा गुण, तिन्ही शेजारी मांडा.

'मले काय वाटन?' एवढंच उत्तर आलं तर किती गुण लिहायचे?

एकही नाही. तीन लिहू नका, मधला आकडा म्हणजे 'माहीत नाही' नव्हे. रकाना रिकामा ठेवून शेजारी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवा आणि पुढच्या विधानावर जा. एका आजींनी दहापैकी सात विधानांना हेच उत्तर दिलं होतं. मी कागद घडी करून निघाले, चपला घातल्या, तर मागून हाक आली. "ते आंगाले जीव लावाचं इचारलं ना तू, ते लिव. मी आंघोळीनंतर तळपायाले तेल चोळतो. रोज. कोणाले सांगत नाई."